वाणाच्या वाट्या

बर्फ पडायला लागला की मला गिरण आठवते. दुसऱ्या लोकांना कापूस आठवतो, आमच्या सूनबाईंना नाताळची चित्रं आठवतात. मला आपलं पीठ आठवतं. जन्मभर पांढऱ्यात वावरलो. भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या, पायताण पांढरं. संध्याकाळी गिरण झाडायची आणि दुसऱ्या दिवशी परत तेवढंच पांढरं गोळा व्हायचं. त्यामुळे इथं अमेरिकेत नेपरव्हिलला पहिल्या हिवाळ्यात खिडकीतून बाहेर बघितलं तेव्हा मला नवल असं काही वाटलं नाही. एवढंच मनात आलं, की हे झाडणार कोण.

फरक एकच आहे. पीठ गरम असतं. जात्याच्या तोंडातून कापडी बाहीत उतरणारं पीठ ज्यानं हातात घेतलं नाही त्याला हे सांगून कळायचं नाही. थंडीच्या दिवसांत बाया दळण न्यायला यायच्या आणि डब्याला दोन्ही हात लावून उभ्या राहायच्या. आमची ही तर तळवा सरळ बाहीखाली धरायची. पीठ जाड आलं का बारीक, हे बघायला, असं म्हणायची. तिला ऊब घ्यायची असायची, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. इथं आल्यावर तिनं दुकानातली पिशवी फोडली, हात घातला आणि म्हणाली, "हे पीठ मेलेलं आहे." मिलिंद, म्हणजे आमचा मुलगा, म्हणाला, "आई, पीठ कधी जिवंत असतं का?" तिनं त्याच्याकडं असं बघितलं, जणू याला शिकवून चूक केली.

परवाच्या साली असंच वादळ आलं होतं. आज परत आलं आहे म्हणून हे लिहितो.

माझं शिक्षण सातवी. तेही सातवीत नापास होऊन परत सातवी. तरी माझं एक पुस्तक छापलेलं आहे. ही गेल्यावर बोलायला माणूस राहिलं नाही. मिलिंद आणि सूनबाई रुपाली कामावर, नात शाळेत, आणि घरात घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा घूं घूं आवाज. बोलायचं साठत गेलं. ते कुठंतरी ठेवायला पाहिजे म्हणून कागदावर ठेवायला लागलो. रुपालीनं टाइप केलं, कऱ्हाडला माझ्या पुतण्यानं एका छापखान्यात छापून घेतलं. प्रकाशक कोण, तर मीच. जो कोणी इकडं यायचा त्याच्या बॅगेत पुतण्या चार प्रती कोंबायचा. अशी ती पुस्तकं समुद्र ओलांडून आली आणि माझ्या पलंगाखाली खोक्यात बसली. पुस्तकाचं नाव सांगत नाही, जाहिरात वाटेल.

पुस्तकात काय आहे, तर डबे. आमच्याकडं बाया दळणाचा डबा रांगेत लावून घरी जायच्या. रांगेत माणूस नसायचं, डबा उभा असायचा. कुणाचा तेलाचा पत्र्याचा डबा, कुणाचा पितळी, कुणाच्या झाकणाला दोरा बांधलेला, कुणाच्या डब्याला पोचा. बायांचे चेहरे मला आता आठवत नाहीत, डबे सगळे आठवतात. एकेका डब्यावर एकेक प्रकरण लिहिलं. इथल्या मराठी मंडळात एक निवृत्त डॉक्टर आहेत, त्यांनी ते पूर्ण वाचलं. म्हणाले, "काका, पुस्तक गिरणीचं म्हणालात, पण यात वहिनीच फार आहेत." मी म्हटलं, "गिरण तीच चालवायची. मी नुसता दळायचो."

खरंच आहे ते. काट्याजवळ ती बसायची. कुणाची ज्वारी, कुणाचा गहू, कुणाचं उपासाचं, कशाच्या मागून काय घालायचं, सगळं तिच्या डोक्यात. आणि तिची एक रीत होती, ती मला लई त्रास द्यायची. सांज झाली, पाठ मोडून आली, मी पट्टा उतरवायला हात घातला, की ती काट्यावरून म्हणायची, "डबा लागलाय." बघावं तर रांगेच्या शेवटी कुणाचा तरी डबा. बाई नाही, कुणी नाही, नुसता डबा. मी म्हणायचो, "अगं, उद्या दळू की." ती म्हणायची, "वेळेत लावलाय तिनं. आता वेळ गेली ती आपल्याकडून. तिची काय चूक?" मग परत जातं सुरू. डबा एकदा रांगेत लागला की तो दळल्याशिवाय गिरण बंद होत नसे. दारावर पाटी नव्हती, पण गावाला ठाऊक होतं.

आता वाट्यांचं सांगतो.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बाया हळदीकुंकू करतात आणि आलेल्या प्रत्येकीला काहीतरी वस्तू देतात, ते वाण. हे माहीत नसलेला मराठी माणूस नसेल, पण आमची नात इथंच जन्मली आहे आणि ती हे वाचेल असं म्हणते, म्हणून लिहिलं. तर परवाच्या साली हिनं वाणाला वाट्या आणल्या. स्टीलच्या, छोट्या, बुडाला चपट्या. इथल्या इंडियन दुकानात तिनं प्रत्येक वाटी कट्ट्यावर ठेवून डुगडुगते का बघितली. दुकानदार गुजराती पोरगा, तो म्हणाला, "आंटी, सगळ्या सेम आहेत." ही म्हणाली, "तुझ्या आईला विचार सेम असतात का." मी दाराशी कोट घालून उभा, घामाघूम.

इथं सण शनिवार-रविवार बघून येतात. तिचा शनिवार ठरला, तिळाच्या वड्या झाल्या, आणि वादळ आलं. रस्ते बंद, सगळ्यांचे फोन, कॅन्सल. ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी करू, रथसप्तमीला अवकाश आहे." पुढच्या शनिवारी तिला खोकला होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात हॉस्पिटल. रथसप्तमी कधी आली आणि गेली ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, तिच्या मात्र राहिलं. नाकाला नळी, तरी मला म्हणाली, "वाट्या तशाच राहिल्या." मी म्हटलं, "राहू दे, घरात वापरू." तर म्हणाली, "दिलं तर वाण. ठेवलं तर नुसतं भांडं."

होळीच्या आधी आटोपलं. जास्त लिहीत नाही.

गेल्या वर्षी वर्ष झालेलं नव्हतं, म्हणून सण नाही. वाट्यांचं खोकं माझ्या पलंगाखाली, पुस्तकांच्या शेजारी. औंदा रुपाली म्हणाली, "बाबा, या वर्षी मी हळदीकुंकू करते. आईंच्या वाट्या देऊ या का?" मी नाही म्हटलं. दोन दिवस गेले. मग मीच म्हटलं, दे. पण मनातून दिलं नव्हतं. खरं सांगायचं तर या घरात तिनं हातानं निवडून आणलेली एवढीच वस्तू उरली आहे. साड्या रुपालीनं वाटल्या, चपला मिलिंदनं टाकल्या, चष्मा कुठं गेला कुणाला माहीत. वाट्या मात्र तिनं एकेक कट्ट्यावर टेकवून बघितलेल्या. मी कधीमधी खोकं ओढून एखादी फरशीवर टेकवून बघतो. डुगडुगत नाही.

शनिवार ठरला तो नेमका रथसप्तमीचा. शेवटचा दिवस. आणि काल रात्रीपासून हे सुरू झालं.

सकाळी उठलो तर मिलिंदची गाडी दिसत नव्हती, नुसता उंचवटा. टपालाची पेटी टोपी घातल्यासारखी. रुपाली फोन हातात घेऊन जिन्यावर बसलेली. एकेकीचा फोन येत होता. "हो ना यार, आमचा रस्ता अजून साफच केला नाही त्यांनी... नको नको, ड्राइव्ह नको करू... बघू, पुढच्या वर्षी." नात खाली येऊन मला म्हणाली, "आजोबा, इट्स कॅन्सल्ड." मी मान हलवली आणि चहा घेतला. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. वाट्या आणखी एक वर्ष पलंगाखाली राहणार होत्या.

मग दिवसभर खिडकीशी बसलो. लिहायला कागद घेतला होता, लिहिलं काही नाही. वादळात लिहायचं म्हणजे काय, तर बघायचं. वारा बर्फ खाली पडू देत नाही, आडवाच नेतो, गिरणीत पंखा लावल्यावर पीठ जायचं तसा. समोर बार्बराचं घर. तिच्या दारात वर्तमानपत्र पडलेलं होतं, ते हळूहळू दिसेनासं झालं.

बार्बरा माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मुलगा चँडलरला असतो, तिकडं बर्फ पडत नाही म्हणून इकडं येत नाही. हिची आणि तिची मैत्री कशी झाली हे मला आजवर कळलेलं नाही. हिचं इंग्रजी तीन शब्दांचं. कम. सिट. ईट. तेवढ्यावर दोघी दुपारभर बसायच्या. ही मराठीत बोलायची, ती इंग्रजीत, आणि दोघी एकाच वेळी हसायच्या. मी हिला कधी नावानं हाक मारली नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती. मी 'अगं' म्हणायचो, गावातल्या बाया 'वैनी' म्हणायच्या, मिलिंद 'आई'. इंदुमती हे नाव रेशन कार्डावर आणि पासपोर्टावर. बार्बरा मात्र रस्त्याच्या पलीकडून ओरडायची, "इंडू!" आणि ही लगेच ओ द्यायची, जशी काही जन्मभर त्याच हाकेची वाट बघत होती.

पहिल्या वर्षी हिनं तिला हळदीकुंकवाला बोलावलं. मंडळातल्या एक मावशी होत्या, त्यांनी रुपालीला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, ती विधवा आहे ना? सासूबाईंना माहीत नसेल." हिनं ऐकलं. तिथंच सगळ्यांसमोर म्हणाली, "माहीत आहे की. नवरा गेला म्हणून तिच्या कपाळाला काय गंज चढलाय? एवढ्या बर्फातून बाई घरी आली, तिला कुंकू नाही म्हणू?" आणि बार्बराला आधी हळद, मग कुंकू लावलं. मग हळदीकुंकवाची कुयरी तिच्या पुढं केली आणि स्वतःचं कपाळ पुढं केलं. लावलं की परत लावायचं, हे तिला खुणेनं शिकवलं. बार्बरानं बोट बुडवून हिच्या कपाळाला लावलं ते इतकं मोठं लावलं, की नाकावर सांडलं. पुढच्या वर्षीपासून नीट लावायला लागली. मावशी परत आल्या नाहीत. त्यांचं वाण हिनं पोस्टानं पाठवलं.

ही गेली तेव्हा बार्बरा काचेच्या भांड्यात काहीतरी भाजलेलं घेऊन आली होती. त्यात अंडं होतं का काय होतं, देव जाणे. मी खाल्लं.

दुपारी उशिरा वारा पडला. बार्बराच्या दाराकडं बघितलं तर पायऱ्याच नाहीत, नुसता उतार. मी कोट चढवला, टोपी घातली. मिलिंद धावत आला.

"बाबा, कुठं?"

"झाडायला."

"शॉव्हेलिंग करायचं नाही तुम्ही. डॉक्टरांनी काय सांगितलंय? तुमच्या वयात लोकांना हार्ट अटॅक येतात."

"मी क्विंटलची पोती उचललेली आहेत."

"तेव्हा उचललीत. आता मी उचलतो, तुम्ही आत बसा."

शेवटी तडजोड झाली. त्यानं बर्फ उडवायचं मशीन काढलं, आमच्या दारापासून रस्ता ओलांडून बार्बराच्या दारापर्यंत वाट पाडली. पायऱ्या मी झाडल्या. खराट्यानं नाही, इथल्या झाडूनं, पण झाडणं ते झाडणं. वाऱ्याकडं पाठ करायची आणि वरून खाली यायचं. जोर लावायचा नाही, नाहीतर सगळं आपल्याच अंगावर येतं. वर्तमानपत्र सापडलं, ते दाराला टेकवून ठेवलं. वरची पायरी झाडताना काचेतून आत बघितलं. ती खुर्चीत बसली होती, गुडघ्यावर पांघरूण, आणि माझ्याकडं बघून हात हलवत होती. किती वेळ हलवत होती कुणाला माहीत.

घरी आलो. जोडे काढले नाहीत. खोलीत जाऊन खोकं ओढलं. एक वाटी काढली, टेकवून बघितली, आणि स्वयंपाकघरात गेलो.

"रुपाली, यात तिळाची वडी घाल."

तिनं वाटी बघितली, मग माझे ओले जोडे बघितले. "कुणाला?"

"समोर."

"बाबा, पण तुम्ही कसं देणार? वाण बायका देतात."

"मग तू दे."

"माझं मी देईनच. हे आईंचं आहे."

"मग आईंचं मी देतो."

तिनं वाटी पुसली. वडी घातली, वर हलव्याचे दाणे टाकले. मग कपाटातून कुयरी काढून ताटात ठेवली. म्हणाली, "नुसती वाटी देत नाहीत. आधी लावतात. तुम्ही नका लावू बाबा, मी येते." एवढ्यात तिचा फोन वाजला. "एक मिनिट हं, या काकूंना सांगून येते, थांबा." ती बोलत बोलत वर गेली. त्या काकू एका मिनिटात आटपणाऱ्या नाहीत हे मला माहीत होतं. बाहेर उजेड उतरत होता. दिवस बुडाला की रथसप्तमी संपली. मी ताट उचललं आणि निघालो.

जन्मात हळदीकुंकवाचं ताट हातात धरलं नव्हतं. ते जड नसतं, पण धरता येत नाही. मिलिंद मशीन बंद करून बघत उभा राहिला. अडवलं नाही, शहाणा झाला म्हणायचा.

बार्बरानं दार उघडलं. मी आत पायपुसण्यावर उभा. मला जे म्हणायचं होतं त्याला इंग्रजी नाही, आणि असलं तरी मला येत नाही. मी ताट पुढं केलं. तिनं वाटी बघितली, कुयरी बघितली. मग मला विचारलं, "इंडू?"

मी म्हटलं, "येस. इंदू."

म्हणालो आणि मलाच ते वेगळं ऐकू आलं. एवढ्या वर्षांत ते नाव माझ्या तोंडातून हिच्या कानावर कधी गेलं नव्हतं.

आता लावायचं कुणी, हा प्रश्न. दुसऱ्याच्या घरच्या बाईला मी कुंकू लावणार नाही, ते मला जमणार नाही. तिला ते कळलं असेल का नुसतं आठवलं असेल, माहीत नाही. तिनं चष्मा वर सरकवला, स्वतःच बोट हळदीत बुडवलं, स्वतःच्या कपाळाला लावलं. मग कुंकू. मग वाटी उचलून दुसऱ्या हातात घेतली. मी म्हटलं, झालं. वळायला लागलो तर तिनं माझी बाही धरली. लावलं की परत लावायचं, हे तिला शिकवलेलं होतं. तिनं परत बोट बुडवलं, माझी टोपी मागं सारली आणि माझ्या कपाळाला आधी हळद लावली, मग कुंकू. नीट लावलं. नाकावर सांडलं नाही.

मी मान वाकवून उभा राहिलो. बोट गरम होतं.

परत आलो तर रुपाली दारात स्वेटर चढवत होती. "बाबा, थांबा म्हटलं होतं ना..." ती माझ्या कपाळाकडं बघत राहिली. नात म्हणाली, "आजोबा, यू हॅव समथिंग ऑन युअर फेस." रुपाली तिला म्हणाली, "राहू दे."

मी ताट ओट्यावर ठेवलं, जोडे काढले, खोलीतून खोकं आणलं आणि टेबलावर ठेवलं. रुपालीला म्हटलं, "उद्या रविवार आहे. रस्ते मोकळे होतील. सगळ्यांना परत फोन कर."

"उद्या?" ती म्हणाली. "बाबा, रथसप्तमी आज होती. उद्या वाण चालत नाही. पुढच्या वर्षी देऊ, नक्की देऊ."

मिलिंद आत येऊन हात चोळत उभा होता. म्हणाला, "आणि बाबा, तुमची पुस्तकं पण द्या की त्याबरोबर. एवढ्या बायका येतील."

"पुस्तकं राहू देत. वाण तिचं आहे, त्यात माझी जाहिरात नको."

रुपाली खोक्यावर हात ठेवून उभी होती. "पण वेळ गेली ना बाबा."

"तिनं वेळेत लावला होता," मी म्हटलं. "डबा लागलाय."